चार दिवसांची चटई

"कावेरीला कावळा शिवला," असं द्वारकाबाईनं बुधवारी सकाळी भर स्वैपाकघरात सात बायकांच्या देखत सांगितलं, आणि हातातलं उलथनं तव्यावर जरा जास्तच जोरात आपटलं. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं.

सहा जणींनी "अगं बाई, ऐन लग्नात?" म्हणून पुन्हा पिठात हात घातले. सातवी मात्र बघत राहिली. ती भागूबाई, वैजापूरहून आलेली थोरली जाऊ. सत्तरी उलटलेली, अंगानं काटकी, हातात काठी, आणि विटाळ पाळायच्या बाबतीत असली कडक की तिच्यासमोर भल्याभल्यांची बोबडी वळायची.

"कवा शिवला?" भागूबाईनं विचारलं.

"पहाटं."

"हूं," एवढंच म्हणून भागूबाई चहाची बशी तोंडाला लावून बसली. पण नजर काही द्वारकाबाईवरून हटेना.

मुकुंदवाडीच्या ह्या घरात अलीकडं एरवी हे कोणी पाळत नव्हतं. नवरा नानासाहेब चिकलठाण्याच्या कंपनीतून रिटायर झालेले, मुलगा काकासाहेब चितेगावच्या कारखान्यात, सून कावेरी बी. ए. झालेली. कोणाला फुरसत होती? पण धाकट्या लेकीचं, मीराचं, पुढच्या बुधवारी लग्न, पाहुणे आठ दिवस आधीच येऊन टेकलेले, आणि त्यांच्यात भागूबाई. ती घरात असली की सगळ्यांनाच पाळावं लागायचं. मागच्या खोलीत चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. चार दिवस चुलीला हात नाही, लग्नाच्या सामानाला हात नाही, आणि पाण्याला तर मुळीच नाही. द्वारकाबाईला नेमकं तेच हवं होतं.

कारण कावेरीला काहीसुद्धा शिवलं नव्हतं. धडधाकट पोरगी चटईवर बसून घाबऱ्या डोळ्यांनी सासूकडं बघत होती, आणि सासू तिच्यापुढं पोह्यांची ताटली सरकवून दबक्या आवाजात दम देत होती, "खा. खाऊन झोप. उठलीस तर बघ माझ्याशी गाठ हाय."

आता हे सोंग कशापायी, ते सांगायला हवं.

कावेरी वजन उचलायची. लोखंडी दांडीला दोन्हीकडून चकत्या लावायच्या आणि ती दांडी जमिनीवरून उचलून डोक्यावर धरायची, तो खेळ. कॉलेजात असल्यापासून तिला त्याचं वेड. लग्न ठरवायच्या बैठकीत तिनं स्वतः तोंड उघडून सांगितलं, मला खेळायचंय. पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. नानासाहेबांनी जरा विचार केला आणि दोन वर्षं दिली. दोन वर्षांत राज्याच्या संघात निवड झाली तर खुशाल खेळावं. नाही झाली तर वजन उचलताना कमरेला बांधायचा चामडी पट्टा माळ्यावर टाकावा आणि संसाराला लागावं. कावेरीनं हो म्हटलं. पहिल्या वर्षी ती दोन किलोनं हुकली. दुसरी आणि शेवटची निवड चाचणी ह्या रविवारी होती.

नानासाहेबांची आणखी एक अट होती. सुनेनं सरावाला एकटं जायचं नाही. मग रोज संध्याकाळी तिच्यासोबत सासू. पहिल्या दिवशी द्वारकाबाई कुरकुरत गेली. बद्रीनाथ सरांची व्यायामशाळा म्हणजे चिकलठाण्याच्या बाजूला एक पत्र्याचं शेड, आत घामाचा वास आणि सगळे बाप्ये. ती कोपऱ्यात ट्रकच्या जुन्या टायरवर पदर आवळून बसली आणि लसूण सोलत राहिली. पण दोन वर्षं रोज लसूण सोलताना माणसाचे कान काही बंद नसतात. हळूहळू नुसत्या लोखंडाच्या आवाजावरून तिला कळायला लागलं, उचल साधली का फसली. साधली की तिच्याच हातातला लसूण थांबायचा. आपल्या पोटची पोरं पहिल्यांदा चालली तेव्हासुद्धा तिला एवढा आनंद झाला नव्हता, आणि हे तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं.

आणि गेले तीन आठवडे उचल फसत होती.

संक्रांतीच्या सुमाराला कावेरीनं ऐंशी किलो डोक्यावर धरलं होतं. त्यावर आणखी दोन किलो, की निवड नक्की, असं सर म्हणायचे. मग काय झालं कोण जाणे, ऐंशीचं पंच्याहत्तरवर आलं, पंच्याहत्तरचं बहात्तरवर. पोरगी घाबरली आणि घाबरून जास्त सराव करायला लागली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मंगळवारी सत्तर किलो छातीपर्यंत आलं आणि तिथूनच निसटलं. दांडी धाडकन खाली पडली. कावेरी तिथंच फरशीवर बसली आणि सगळ्यांदेखत हमसून रडली.

बद्रीनाथ सर द्वारकाबाईकडं आले. "मावशी, मी हिला सारखा सांगतोय, मधे सुट्टी घे. घेते म्हणते. घरी काय करते ही?"

"काय करती? बाकीच्या करत्यात तेच. धुणं, भांडी. लग्नाचा गहू चाळून कोठीत टाकला. गाद्या गच्चीवर नेल्या. आन् पाणी."

"पाणी किती?"

"आठव्या दिवशी नळ येतो तिच्या मारी. जोर नसतो, म्हणून नळाला खड्डा केलाय. खड्ड्यातून घागर काढायची, जिना चढायचा, वरच्या टाकीत ओतायची. साठ-सत्तर घागरी होत्यात. औंदा लग्नापायी जास्तच."

सरांनी कपाळाला हात लावला. "मी इथं वहीत हिचा एकेक किलो मोजतोय, आणि ही घरी जाऊन माझ्या दुप्पट उचलतीय! दोन वर्षांत मला एकदा तरी सांगायचं की नाही?"

"त्यात काय सांगायचं? पाणीच ते," द्वारकाबाई म्हणाली. तिला खरंच कळेना की सर एवढे का चिडले. पाणी उचलणं ही काय कोणी सांगत फिरायची गोष्ट आहे?

सर खाली उकिडवे बसले आणि सावकाश बोलायला लागले. "ऐका मावशी. लोखंड उचललं की अंग आतून तुटतं, बारीक बारीक. जोर तिथं येत नाही. जोर येतो नंतर. जेवल्यावर, पडून राहिल्यावर, झोपल्यावर. तेव्हा अंग सांधलं जातं आणि पहिल्यापेक्षा पक्कं होतं. हिचं नुसतं तुटतच चाललंय, सांधायला वेळच नाही. उद्यापासून शनिवारपर्यंत हिनं पाण्याची घागर काय, सुपात धान्यसुद्धा घ्यायचं नाही. जमत नसलं तर रविवारी येऊ नका. हात मोडून घेईल पोरगी."

रिक्षात बसल्यावर द्वारकाबाईच्या डोक्यात हेच चाललं होतं. अंग तुटतं आणि पडून राहिल्यावर सांधतं. हे कोणी तिला तीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर!

पण लग्नघरात तरण्याताठ्या सुनेला चार दिवस झोपवायचं कसं? थकली म्हणून सांगावं तर नानासाहेब म्हणणार, मग ते लोखंड बंद करा. ताप आला म्हणावं तर डॉक्टर येणार. पाठ धरली म्हणावं तर दहा बाया दहा तेलं घेऊन येणार. बाईमाणसानं आडवं पडावं आणि त्यावर कोणी एक अक्षर विचारू नये, असं जगात एकच कारण होतं. जालना रोडच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ते तिला सुचलं, आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण द्वारकाबाई देवाधर्माची बाई. रविवारी खंडोबाला नारळ फोडल्याशिवाय घास न खाणारी. घरात देवक बसायच्या आठवड्यात खोटा विटाळ सांगायचा म्हणजे काय चेष्टा आहे?

तरी तिनं सांगितला.

बुधवार कसाबसा गेला. सुनेच्या वाटची कामं सासूनं ओढली. गुरुवारी दुपारी जेवणाचं ताट घेऊन ती मागच्या खोलीत गेली तर कावेरी भिंतीला टेकून बसलेली.

"झोपली न्हाईस?"

"आत्याबाई, झोपले. काल बारा तास झोपले. आज अंग हलकं लागतंय," कावेरी म्हणाली, आणि मग रडकुंडीला आली. "पण बाहेर तुमचा आवाज ऐकते ना भांड्यांचा. आन् हे असं खोटं. मीराचं लग्न हाय. काही वाईट झालं तर? देवाला काय सांगू?"

"देवाला मी सांगीन. तू भाकर खा."

"तुमाला भीती नाही वाटत?"

द्वारकाबाई दाराशी टेकली. भीती वाटत होती. कालपासून तिनं देव्हाऱ्याकडं नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. पण ती वेगळंच बोलून गेली. "माझी पाळी गेली ना, पाच वर्षं झाली, तेव्हा शेजारच्या बाया म्हणाल्या, सुटली बाई. मी न्हाणीत जाऊन रडले. सगळ्या जन्मात मला पाठ टेकायला कोणी दिली ती ह्या चार दिवसांनी. लासूरला शेतात असताना मी महिनाभर त्यांची वाट बघायची. ते गेले आन् माझी चटईच गेली."

कावेरीनं गुपचूप भाकरी मोडली.

अर्धंच सांगितलं होतं द्वारकाबाईनं. उरलेलं अर्धं तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. काकासाहेब झाला तेव्हाची गोष्ट. लासूर स्टेशनजवळ सासरचं शेत, कांदा निघालेला, आभाळ भरून आलेलं. बाळंतीण होऊन तिला बारावा दिवस. सासूनं हाक मारली, कांदा भिजंल, ऊठ. ती उठली. दिवसभर गोण्या गाडीत चढवल्या. संध्याकाळी आत काहीतरी निसटल्यासारखं झालं आणि गर्भाची पिशवी खाली सरकली ती कायमची. तेव्हापासून पोटाला फडकं घट्ट आवळून ती चालत होती, वाकत होती, पाणी भरत होती. काकासाहेब आता एकतीस वर्षांचा झाला. म्हणजे फडक्यालाही एकतीस वर्षं झाली.

गुरुवारी संध्याकाळी भागूबाईनं तिला कोठीच्या खोलीत गाठलं. दार लोटून घेतलं.

"द्वारके, मीराच्या साखरपुड्याला किती दिस झाले?"

तिला त्या क्षणी आठवलं, आणि आपण केवढी घोडचूक केली तेही कळलं.

"सोळा," भागूबाईनंच उत्तर दिलं. "त्या दिवशी मीराची ओटी कावेरीनं भरायची होती. ती बाजूला बसली म्हणून मी भरली. माझ्या ह्या हातांनी. मंग सोळा दिसांत पुन्हा?"

"मागंपुढं व्हतं बाई. धावपळ असती..."

"धावपळीनं पुढं जातं, मागं येत न्हाय." भागूबाई जवळ आली. "पोरीला काय दुखणं असलं तर सांग. उद्या दवाखान्यात नेऊ. आन् जर कोणी कामाच्या कंटाळ्यानं सोंग केलं असंल, तर सोमवारी देवक बसायच्या आधी मी समद्या भावकीपुढं इचारीन. देवाशी खेळ मला खपणार न्हाय. व्हय का न्हाय?"

"व्हय," द्वारकाबाईच्या तोंडून निघालं. भावकीपुढं विषय निघाला तर कावेरीची निवड राहिली बाजूला, ह्या घरात तिला तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. कामचुकार आणि वर देवाला फसवणारी. नानासाहेब त्याच दिवशी पट्टा माळ्यावर नाही, चुलीत घालतील.

ती रात्रभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

शुक्रवारी सगळ्या बाया साड्या घ्यायला गुलमंडीला गेल्या. नळ संध्याकाळी सहाला यायचा होता, तोपर्यंत त्या परत येणार होत्या. आला अडीचला. शेजारून आरोळी आली, "पाणी आलं, पाणी आलं," आणि द्वारकाबाई हातातलं काम टाकून उठली. काकासाहेब कारखान्यात, बाकीचे बाप्ये लग्नाच्या कामांना बाहेर. घरात होतं कोण? ओसरीवर पत्रिकांवर नावं लिहीत बसलेले नानासाहेब, ज्यांनी जन्मात घागरीला हात लावला नव्हता. सत्तरीची भागूबाई. आणि मागच्या खोलीत कावेरी. पाणी राहणार पाऊण तास. हुकलं की पुन्हा आठ दिवसांनी, म्हणजे लग्न उरकल्यावर. पन्नास पाहुण्यांना काय पाजणार?

तिनं पदर खोचला आणि खड्ड्यात उतरली.

पहिल्या दहा घागरी निभावल्या. खड्ड्यात वाकायचं, भरलेली घागर काठावर ठेवायची, वर यायचं, कमरेवर घ्यायची, जिना. पंधराव्या घागरीला फडकं सैल झाल्यासारखं वाटलं. विसाव्या घागरीला पायात गोळे आले. भागूबाई पायरीवर उभी राहून बघत होती. बाविसावी घागर काठावर ठेवताना ओटीपोटात अशी कळ गेली की द्वारकाबाईच्या डोळ्यांपुढं काळोखी आली. घागर लवंडली. ती खड्ड्याच्या काठाला धरून तशीच अर्धवट वाकून राहिली, एक हात पोटाखाली घट्ट दाबून.

मागचं दार उघडलं. कावेरी अनवाणी धावत आली आणि तिनं सरळ घागरीला हात घातला.

"शिवू नको!" द्वारकाबाई किंचाळली. "पाणी बाटंल! हो मागं!"

शेजारच्या गच्चीवरून दोन डोकी डोकावली.

"बाटू द्या!" कावेरी रडत ओरडली. "मला न्हाई जायचं रविवारी. तुमी मरताय इथं आन् मी काय लोळत पडू? बास झालं!" तिनं घागर उचलायला कंबर वाकवली.

"कावेरे, तुला माझी शपथ हाय. चार दिवसांतला तिसरा दिवस हाय. आत हो गं माय, आत हो."

कावेरी तशीच वाकलेली राहिली. घागर सोडवेना, उचलवेना. नळ खळाखळा वाहत होता.

"थांबा दोघी," भागूबाई म्हणाली.

ती पायऱ्या उतरून आली. तिनं कावेरीकडं पाहिलंच नाही. ती द्वारकाबाईच्या त्या हाताकडं बघत होती, पोटाखाली दाबलेल्या. तिनं उभ्या आयुष्यात असं उभं राहिलेल्या पुष्कळ बाया पाहिल्या होत्या.

"कवापासनं?" तिनं विचारलं.

"काय कवापासनं?"

"मला येड्यात काढू नको. पिशवी कवापासनं खाली आलीय?"

द्वारकाबाईनं मान खाली घातली. "काकासाहेबाच्या टायमापासनं. लासूरला. कांद्याच्या गोण्या चढवल्या तवापासनं."

भागूबाईचं तोंड पांढरंफटक पडलं. मग म्हणाली, "त्या दिशी गोणीचं दुसरं टोक माझ्या हातात व्हतं. मी तुला म्हणले व्हते, जोर लाव की, खाऊन खाऊन सुस्तावलीस का."

"जाऊ द्या बाई. तुमी बी थकलेल्या व्हता."

"जाऊ द्या कसं?" भागूबाईचा आवाज चिरकला. तिनं ओसरीकडं तोंड करून हाळी दिली, "नाना! अहो नाना! टाका ती पत्रिका आन् या इकडं. पायजमा वर खोचा. पाणी भरायचंय!"

नानासाहेब चष्मा सावरत आले. काय झालं, कोणाला झालं, असं काहीतरी पुटपुटले. थोरल्या वहिनीचा चेहरा पाहिला आणि गपगार खड्ड्यात उतरले. उरलेलं पाणी त्यांनी भरलं. दहाव्या घागरीला ते जिन्यात बसले आणि म्हणाले, "हे दर वेळी एवढं असतं का?"

आत चटईवर द्वारकाबाईला टेकवून भागूबाई समोर बसली. कावेरी सासूचे पाय चेपत होती. शिवाशिव कधीच झाली होती.

"आता खरं सांगा," भागूबाई म्हणाली.

द्वारकाबाईनं सांगितलं. शेड, लोखंड, ऐंशी किलो, बद्रीनाथ सरांचं बोलणं, रविवार, आणि विटाळाचं खोटं. सगळं. "पोरीचा काही दोष न्हाय बाई. पाप माझं. भावकीत सांगायचं तर माझं नाव सांगा. पण सोमवारी सांगा. रविवार जाऊ द्या."

भागूबाई उठली आणि बाहेर निघून गेली. कावेरीनं सासूकडं पाहिलं. दोघींच्याही तोंडचं पाणी पळालं होतं.

संध्याकाळी गुलमंडीहून बाया परतल्या. साड्यांचे गठ्ठे सुटले, कोणता रंग कोणाला, म्हणून गलका झाला. कोणीतरी विचारलं, "द्वारकामावशी कुठं हायेत?" मागच्या खोलीत दोघी श्वास रोखून ऐकत होत्या. भागूबाईच्या काठीचा आवाज ओसरीच्या मधोमध येऊन थांबला.

"ऐका गं," भागूबाई म्हणाली. "द्वारका बाजूला बसलीय. आज पहिला दिस. सोमवारपर्यंत तिला कोणी शिवायचं न्हाय, कामाला हाक मारायची न्हाय, पाणी मागायचं न्हाय. ताट मी नेऊन देईन."

दोघी-तिघी साड्या बाजूला सारून पुढं सरकल्या.

नात्यातली एक बाई चाचरत म्हणाली, "पर बाई, द्वारकाबाईची तर पाच वर्षांमागंच..."

"तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं का?"

"न्हाय."

"मंग पोळ्या लाट."

नानासाहेब खांदा चोळत काहीतरी विचारणार होते, पण ते नुसते खोकले आणि पत्रिका उचलून बसले.

आत द्वारकाबाईनं तोंडात पदर कोंबला. हसू आवरत होती की रडू, ते कावेरीला कळेना. थोड्या वेळानं भागूबाई ताट घेऊन आली. वरण-भात, वर तुपाची धार.

"बाई, देवाला काय वाटंल?" द्वारकाबाईनं विचारलं.

"देव काय आंधळा हाय व्हय? कोण किती दमलंय ते त्याला दिसतंय. माणसांनाच दिसत न्हाय. मला बी दिसलं न्हाय." म्हातारीनं ताट तिच्यापुढं सरकवलं. "लग्न उरकलं की दवाखान्यात जायचं. मी घेऊन जाणार. जेव आता."

रविवारी सकाळी कावेरी डोक्यावरून न्हाली, पट्टा पिशवीत घातला. सोबत कोण जाणार हा प्रश्नच होता, कारण सासू तर चटईवर. भागूबाईनं नवी नऊवारी नेसून काठी हातात घेतली. "चल, मला दाव कुठं हाय तुझं लोखंड."

द्वारकाबाईनं दोन वर्षांत एक दिवस चुकवला नव्हता, आणि नेमक्या त्या दिवशी ती घरी. तिला दिवस जाता जाईना. उठून बसावं, पुन्हा पडावं. बाहेर कोणी भांडं आपटलं की तिचे कान टवकारायचे. ह्या वेळी खेळणाऱ्या पोरींचं वजन घेत असतील. आता पहिली उचल असेल. आता दुसरी. तीनदाच उचलायला मिळतं, त्यातली चांगली एक धरतात. एक वाजला, दोन वाजले. दोन वर्षांची मुदत आज संपत होती, आणि तिला त्या टायरवर बसून कान देता येत नव्हते. देवा, माझ्या खोट्याचं फळ मला दे, तिला देऊ नको, असं ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली.

साडेतीनला रिक्षा वाजली. आधी काठी आली, मग भागूबाई. मागून कावेरी, मान खाली. द्वारकाबाई उठून बसली.

"उठलं का गं?" तिनं विचारलं.

कावेरी दारातच उभी राहून हुंदके द्यायला लागली.

"अगं सांग की तिला, का जीव घेतीस!" भागूबाई काठी टेकून चटईच्या कडेला बसली आणि स्वतःच सांगत सुटली. "पहिल्यांदा पंच्याहत्तर, ते उचललं बाई काडीवाणी. मंग ऐंशी लावलं. ते पडलं. केवढा आवाज गं तो! माझ्या तर काळजाचं पाणी पाणी झालं. ते तुमचे सर म्हणाले, पुन्हा ऐंशीच लाव. ही म्हणती, न्हाई, ब्याऐंशी. ऐंशीनं भागत न्हाई म्हणं. मी म्हणले, मेली आता. अन् मंग ही खाली वाकली, दांडी धरली, आन् उचललं. डोक्यावर! हात असे सरळ. समोरचे तिघं पंच, तिघांनी बी पांढरा दिवा लावला, म्हंजी उचल पास. निवडली तिला. नाव पुकारलं मोठ्यांदा."

"ब्याऐंशी?" द्वारकाबाईला खरं वाटेना.

"ब्याऐंशी, आत्याबाई," कावेरी म्हणाली आणि येऊन तिच्या गळ्यात पडली. पोरीच्या अंगाला दांडी धरताना लावायच्या खडूच्या भुकटीचा नि घामाचा वास येत होता. द्वारकाबाईनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, पाठीवरून हात फिरवला, खांदे चाचपले. धड होती. सगळी धड होती.

"दमली असशील. थांब, तुला चहा टाकते," असं म्हणून ती उठायला लागली.

भागूबाईनं काठी तिच्यापुढं आडवी धरली.

"कुठं निघालीस?"

"अहो, पोरगी आलीय, चहा..."

"चहा स्वैपाकघरात नाना करतायत. मी सांगून आलेय. तुझा तिसराच दिस हाय." म्हातारीनं उशी सरळ केली, थोपटली. "पड."

द्वारकाबाईनं एकदा सुनेकडं पाहिलं, एकदा जावेकडं. बाहेर नानासाहेब साखर कुठं ठेवलीय म्हणून विचारत होते. ती चटईवर आडवी झाली आणि पाठ टेकवून तिनं डोळे मिटले.